मागच्या खोलीतले चार दिवस

हरणाबाईंचं घर नवं आहे. स्लॅबचं, पुढे चकचकीत फरशी, गाडी उभी करायला पोर्च, भिंतीवर खिडकीएवढा टीव्ही. तासगावकडच्या द्राक्षबागाईतदाराचं घर असतं तसं. पण घर बांधायला काढलं तेव्हा हरणाबाईंनी सांगलीच्या इंजिनिअरला एक गोष्ट ठणकावून सांगितली होती. "मागच्या अंगाला एक खोली न्यारी पायजे. दार भायरनं. घरातल्या बायकांनी चार दिवस बसायचं कुठं?" इंजिनिअर कोवळा पोरगा होता. त्याने मान हलवली आणि नकाशावर गुपचूप 'स्टोअर रूम' असं लिहून टाकलं.

त्या खोलीत एक लोखंडी खाट, गादी, चादर, एक तांब्या आणि एक ताट. खिडकीतून बेदाण्याची शेड दिसते. घरात पाळी येणारी बाई एकच, सून चंदना, त्यामुळे खोली तिचीच म्हणायची.

चंदना कुपवाडची. वडील कारखान्यात फिटर, घर दोन खोल्यांचं. तिथे बाहेर बसायचं म्हटलं तर थेट रस्त्यावरच बसावं लागलं असतं. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा तिला मागच्या खोलीत धाडलं तेव्हा ती अपमानाने रडली. दुसऱ्या महिन्यात जरा कमी रडली. पुढे केव्हातरी तिच्या लक्षात आलं, की या घरात आपल्याला "ऊठ" असं कोणी म्हणणार नाही अशी जागा ही एवढीच.

कारण चंदनाला दुखायचं. चारचौघींना दुखतं तसं नव्हे. ओलं धुणं पिळावं तसं ओटीपोट पिळून निघायचं, कळ मांड्यांत उतरायची, पाठीत चढायची, संडासला बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती टॉवेलचं टोक दातांत धरायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. हरणाबाई ताट उंबऱ्याशी ठेवून मागे फिरायच्या. शिवायचंच नाही, तर निरखून बघायचं तरी कशाला? उरलेलं अन्न चंदना कुत्र्याला घालायची आणि ताट स्वतःच घासून ठेवायची. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन स्वयंपाकघरात हजर. नऊ वर्षं एवढं थोरलं दुखणं त्या घरात नांदलं आणि घराला त्याची गंधवार्ता नव्हती.

तपासण्या सुरू झाल्या त्या मूल होत नाही म्हणून. दुखतं म्हणून नव्हे. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघितली आणि विचारलं, "इतकी वर्षं कसं सहन केलंत हो?" तिच्या नवऱ्याला, धवलला, प्रश्नच कळला नाही. बाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं. एन्डोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं तसलंच बाहेर वाढतं, कुठेही, अंडाशयावर, आतड्यावर. महिन्याच्या महिन्याला तिथेही रक्त येतं, त्याला बाहेर पडायला वाट नसते, मग आतलं सगळं एकमेकाला चिकटत जातं. धवलने ते नाव दोनदा विचारून घेतलं आणि गाडीशी येईपर्यंत विसरला. घरी त्याने सांगितलं, "पोटात गाठ हाय. दुर्बिणीनं काढत्यात."

ऑपरेशन झालं. बेंबीशी एक आणि खाली दोन, अशी तीन भोकं. बाहेर आल्यावर बाईंनी धवलला सगळं नीट सांगितलं. गाठ काढली आहे. आतड्याला चिकटलेलं थोडं तसंच ठेवावं लागलं, तिथे हात घालणं धोक्याचं होतं. आता रोज एक गोळी, एकही चुकवायची नाही. गोळीने पाळी थांबेल, आणि राहिलेलं वाढणार नाही. दुखणं पूर्ण जाईलच असं मात्र नाही. विश्रांती द्या. धवलने मान डोलावली आणि आईला फोन लावला. तो खोटारडा नव्हता. माणूस आपल्याला पेलेल तेवढंच उचलून घरी आणतो.

"आई, गाठ काढली. आन् आता गोळीनं पाळीच येणार न्हाई म्हणं."

"म्हंजे भायर बसायचं न्हाईच?"

"न्हाईच."

हरणाबाईंनी फोन ठेवला आणि तशाच बस्तीत, जैनांच्या देवळात, जाऊन देवापुढे ओंजळभर तांदूळ वाहून आल्या.

पहिले काही दिवस खरोखर चांगले गेले, हे सांगायला हवं. चंदनाला पुढच्या खोलीत दिवाणावर झोपवलं होतं. ऑपरेशन पोटाचं आणि दुखत होता खांदा. दुर्बिणीसाठी पोटात भरलेली हवा वर चढते, त्याने तसं होतं म्हणे. हरणाबाईंनी तेल कोमट करून स्वतः तिचा खांदा चोळला. दुखणाऱ्या सुनेच्या अंगाला त्यांचा हात लागला तो त्या दिवशी पहिल्यांदा. हात खरबरीत होता आणि फार बरा वाटत होता. चंदनाला रडू आलं तशी त्या म्हणाल्या, "रडू नगं, टाकं वढत्याल." खोकला आला की पोटावर उशी दाबायची, हसू आलं तरी उशी दाबायची. दिवस मावळायच्या आत मऊ भात आणि मुगाची आमटी पुढ्यात यायची. संडासापर्यंत धवल दंड धरून न्यायचा. त्या घरात आपण इतक्या महत्त्वाच्या असू शकतो, हे चंदनाला नवीनच होतं.

बघायला बायका यायच्या. आपल्याकडे दुखणं टाक्यांवर मोजतात. "तीनच?" बेदाणा निवडायला येणारी शालूबाई म्हणाली. "माझ्या सिझरला ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत फाडलं हुतं. धाव्या दिवशी रानात तण भांगलायला गेले." दुसरी म्हणाली, दुर्बिणीचं म्हणजे काही कापाकाप नसते, बरं असतं. चंदना उशी धरून हसली. टाके आतल्या बाजूला किती आहेत हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मग एका सकाळी पट्ट्या निघाल्या. खाली मसुराच्या दाण्याएवढे तीन डाग. हरणाबाईंनी चष्मा लावून ते बघितले आणि मनापासून आनंदून म्हणाल्या, "झालीस की गं बरी!"

तिथेच सगळं संपलं. कोणी दुष्टपणा केला नाही, कोणी टाकून बोललं नाही. पण दिसण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यात बेदाण्याचा हंगाम. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली, निवडायला बायका, गडीमाणसं, त्यांचा चहा, दोन वेळची भाकरी. हे जैनाचं घर, रात्री चूल पेटत नाही, त्यामुळे संध्याकाळचा सगळा स्वयंपाक उन्हं असतानाच उरकायचा. शिवाय रोज बस्ती. आता अडचण नाही म्हटल्यावर चुकवायला कारणही नाही. "महिन्याचे तीसच्या तीस दिवस माझी सून सोवळ्यात," असं हरणाबाई शेजारणींना सांगायच्या, आणि त्यांच्या आवाजात खराखुरा अभिमान असायचा.

दुखणं परत आलं ते भाकरी थापताना. रक्ताचा थेंब नाही, तारीख नाही, काही नाही. डाव्या बाजूला खोल कळ उठली आणि चंदना परातीशी तशीच खाली बसली.

"काय झालं गं?" हरणाबाईंनी विचारलं.

"आत्या, पोटात दुखतंय."

"आता कशानं? काढलं की समदं." त्या काळजीनेच म्हणाल्या. "वाईच वारं धरलं आसंल. ओवा खा." त्यांनी ओवा दिला. मग चुलीकडे बघितलं. तवा तापून लाल झाला होता. त्या गुडघ्यावर हात टेकून "आई गं" म्हणत उठायला लागल्या. चंदना त्यांच्याआधी उठली.

धवलला तिने सांगून बघितलं. तो बागेतून आला होता, हात फवारणीच्या औषधाने पिवळे. "डॉक्टर म्हणल्या हुत्या थोडं दिवस वाटंल तसं," तो म्हणाला. "गोळी घेतीस न्हवं? सा महिनं काढ. मग आपल्याला पोराचं बघायचं हाय." पोराचं म्हणताना त्याचा चेहरा असा काही उजळला, की तिला पुढे बोलवेना. तो उजेड आपल्या एका वाक्याने विझेल अशी भीती तिला वाटली.

दुखणं येत राहिलं. कधी दोन दिवस, कधी दुपारपुरतं. पूर्वी निदान ते वेळ धरून यायचं, आणि आलं की त्याच्यासाठी एक खोली होती, खाट होती, बंद दार होतं. आता ते केव्हाही यायचं आणि बसायला जागा नव्हती. अंगण झाडताना तिची नजर मागच्या खोलीच्या कडीकडे जायची. ज्या खोलीपायी ती एकेकाळी हमसून रडली होती, तिची तिला माहेरासारखी ओढ लागली. फार नको होतं तिला. फक्त आडवं पडायचं होतं, आणि पडल्याबद्दल कोणाला काही सांगायचं नव्हतं.

एका सकाळी कळ इतकी जोराची आली की तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "आत्या, मी भायर झाले."

हरणाबाईंच्या हातातली पळी थांबली. त्या पटकन दोन पावलं मागे सरल्या. "गोळी घेऊन?"

"व्हय."

"जा मग. जा."

लोक खोटं बोलून देवळात शिरतात. चंदना खोटं बोलून देवळाबाहेर पडली. तिने मागचं दार लावून घेतलं, खाटेवर अंग टाकलं आणि पोटाशी गुडघे घेऊन झोपली. दुखत होतंच, पण दुखणं आणि झोप यांचं जमतं. दुखणं आणि भाकऱ्या यांचं जमत नाही. खिडकीबाहेर शालूबाई आणि इतर बायका बेदाणा निवडत हसत होत्या. उंबऱ्याशी ताट वाजलं आणि पावलं परत गेली. चार दिवस तिला कोणी हाक मारली नाही. इतकं सुख तिला ऑपरेशननंतरच्या दिवाणावरही लागलं नव्हतं, कारण तिथे बरं होण्याची घाई होती.

पुढे आणखी एकदा तिने तेच केलं. तिथे चुकलं. हरणाबाईंचं मन हिशेबी होतं. महिन्यात दोनदा? मुलाला म्हणाल्या, "तुझ्या डॉक्टरणीला इचार. पयल्यापरीस वंगाळ झालंय हे." धवलने दुसऱ्याच दिवशी गाडी काढली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी चालू असताना पाळी येते?"

"येतीया की," धवल म्हणाला. "म्हैन्यातनं दोनदा."

बाईंच्या कपाळावर आठी आली. मग ही गोळी लागू पडत नाही, त्या म्हणाल्या. इंजेक्शनं द्यावी लागतील. ती कडक असतात, हाडांवर परिणाम होतो, अंगाची आग होते, पण इलाज नाही. त्यांनी पेन उचललं. चंदना त्या पेनकडे बघत राहिली. आपण एका खाटेसाठी बोललेलं खोटं आता सुईने आपल्या अंगात जाणार, हे तिला कळलं आणि ती घाबरली.

"येत नाही," ती म्हणाली. "एकदाही आलेली नाही."

धवलने मान वळवून तिच्याकडे बघितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तसं का सांगितलंत?"

"दुखतं. झोपायला मिळावं म्हणून."

बाईंनी तिला आत नेऊन तपासलं. त्यांचा हात आत लागला तशी चंदना किंचाळली. बाहेर येऊन बाई शांतपणे म्हणाल्या, की आतड्यावर जे राहिलंय त्याचंच हे दुखणं आहे. ते काढायचं तर पुण्याला जावं लागेल, ऑपरेशन मोठं, आतड्याचा तुकडा कापावा लागेल. तरी दुखणं जाईल अशी हमी नाही. आणि मुलाचं विचाराल तर त्याचीही नाही. तोवर गोळी बंद करू नका, नाहीतर ते वाढत जाईल. मग धवलकडे वळून म्हणाल्या, "त्यांना दुखेल तेव्हा झोपू द्या. एवढं तर घरी करता येईल ना?" धवलने मान डोलावली.

गाडी सांगलीबाहेर पडली. मग धवल म्हणाला, "दोन डाव आईला फसवलंस."

"मला झोपायचं होतं."

"मग झोपायचं की! कोण न्हाई म्हणलंय तुला?"

चंदनाने आठवून बघितलं. खरंच, कोणीच नाही म्हटलेलं नव्हतं. रस्त्याकडेच्या बेदाण्याच्या शेडमधून गंधकाच्या धुरीचा वास येत होता. धवलचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि मुलाचं बोलताना त्याच्या चेहऱ्यावर येणारा तो उजेड गेला होता. त्या दिवसानंतर तो उजेड तिला परत दिसला नाही.

घरी आल्यावर धवलने नेहमीप्रमाणे त्याला पेललं तेवढंच सांगितलं. "पाळी येत न्हाई तिला. उगंच म्हणत हुती." पुण्याचं तो बोलला नाही. चंदनाने तोंड उघडलं, "आत्या, आत आजून राहिलंय, त्याचं दुखतं मला," पण हरणाबाई तिच्याकडे नुसत्या बघत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भायर बसायला कुणाला ग्वाड वाटतंय गं?" त्या म्हणाल्या. "आमी गोठ्यात बसायचो. रडत बसायचो. आन् तू खोटं सांगून बसलीस?" मग जरा थांबून, अगदी खरंखुरं न कळून त्यांनी विचारलं, "दुखतंय म्हणतीस, तर मग रगत कुठं हाय?"

दोन दिवसांनी गड्यांनी मागच्या खोलीतली खाट उचलून शेडमध्ये नेली. बेदाणा तयार झाला होता, बॉक्स ठेवायला जागा अपुरी होती, आणि ती खोली आता लागणार कोणाला? दारापासून छतापर्यंत बॉक्स रचले गेले. इंजिनिअरने नकाशावर लिहिलं होतं ते शेवटी खरं झालं.

डॉक्टरांचं झोपू द्यायचं वाक्य धवलने पाळलं. "दुखलं तर दिवाणावर पड," त्याने सांगितलं. एका दुपारी ती पडलीही. हरणाबाईंनी परात ओढली आणि सांधे धरलेल्या हातांनी भाकरी थापायला बसल्या. प्रत्येक भाकरीला एक "आई गं". आल्यागेल्याला दिवाणावरची तरणी सून आणि चुलीपुढची म्हातारी एकदम दिसत होती. शालूबाई पाणी प्यायला आली आणि दोघींकडे बघून गेली. चंदना उठली. त्यानंतर ती दिवाणावर पडली नाही.

तिने कुपवाडला आईला फोन केला. "चार दिवस येऊ का?"

"ये की," आई म्हणाली, आणि लगेच आवाज खाली आला. "पर वैनीला दिवस गेल्यात, तिला आतली खोली दिलीया. तू भायेरच्यात झोपशील व्हय? आन् धवलरावांनी पाठवलंय न्हवं? रागं भरून येऊ नगं बाई."

"नको, बघते नंतर," चंदना म्हणाली.

संध्याकाळी, उन्हं कलायच्या आत सगळ्यांची जेवणं झाली. धवलने आठवण केली, "गोळी." तिने गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला, मोरीशी जाऊन भांडी विसळता विसळता ती थुंकून टाकली. पांढरी गोळी पाण्याबरोबर भोकापाशी दोनदा फिरली आणि गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. डॉक्टरीणबाईंचं वाक्य तिच्या कानात होतं. ते वाढत जाईल. आणखी चिकटेल, आणखी ओढेल. मूल तर आता बोलायचीही गोष्ट राहिली नव्हती. तिला हे सगळं कळत होतं, कोणी अडाणी म्हणू नये. पण पुढच्या दुखण्याची भीती वाटायला अंगात थोडं त्राण लागतं. तिला आजचं दुखणं घेऊन कुठेतरी पडायचं होतं आणि तेवढ्यासाठी या घरात लागतं ते एकच होतं.

ते आलं. भाकऱ्या व्हायच्या होत्या आणि तिला पाठीतून ओळखीची ओढ जाणवली. या वेळी ती काही बोलली नाही. हरणाबाईंनीच तिच्या साडीवर मागे डाग बघितला. त्या चटकन बाजूला झाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल पडला. आता त्यांना सगळं समजत होतं.

"बघ! म्या म्हणत हुते," त्या म्हणाल्या. "गोळ्यांनी कुठं थांबतंय व्हय हे? या बारीला खोटं न्हाई बोललीस." त्यांनी पोर्चमध्ये जाऊन गड्यांना हाक मारली. मागची खोली रिकामी करा, बॉक्स पुढच्या पोर्चमध्ये घ्या, खाट आणून टाका. धवल म्हणाला, पोर्चमध्ये बॉक्सना ऊन लागेल. हरणाबाई म्हणाल्या, लागू दे. सून मोठी की बेदाणा मोठा?

खोलीला गोडसर, आंबूस वास येत होता. चंदनाने दार लोटलं आणि खाटेवर आडवी झाली. गोळ्यांनी इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं होतं. ओटीपोटापासून गुडघ्यापर्यंत पेटल्यासारखं झालं. असलं दुखणं ऑपरेशनच्या आधीही तिला कधी झालं नव्हतं. तिने भिंतीकडे तोंड केलं. आता दर महिन्याला हे असंच, थोडं थोडं वाढत, आणि हे आपण मागून घेतलंय.

उंबऱ्याशी ताट वाजलं. या वेळी पावलं लगेच परत गेली नाहीत. हरणाबाई दाराबाहेर, शिवाशीव होणार नाही इतक्या अंतरावर उभ्या होत्या.

"नीज गं पोरी निवांत," त्या मायेने म्हणाल्या. "चार दिस तुला कोण उठवत न्हाई."

चंदनाला "व्हय आत्या" म्हणायचं होतं. पण टॉवेलचं टोक दातांत होतं.